भिंतीवरच्या फळीवरील स्पीकर आणि कंपन थोपवणारे पाय

पाच इंची वूफर (खालचे सूर काढणारा मोठा पडदा) असलेले, प्रत्येकी सुमारे पाच किलो वजनाचे स्पीकर भिंतीला ठोकलेल्या फळीवर ठेवले आणि आवाज जरा चढवला, की गाण्याबरोबर फळीही बोलू लागते. डग्ग्याचा घुमारा गरजेपेक्षा लांबतो, तानपुऱ्याच्या खर्जाला एक जाडसर गुणगुण चिकटते, फळीवर ठेवलेली काचेची वस्तू किणकिणते, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांपर्यंत सूर न पोचता नुसती धडधड पोचते. या त्रासावर उपाय म्हणून उतरत्या आकाराचे फोमचे तुकडे, रबरी पाय, सॉर्बोथेन या जेलीसारख्या पदार्थाचे अर्धगोल, स्प्रिंगचे पाय, धातूचे टोकदार पाय अशा अनेक वस्तू ऑनलाइन मिळतात. त्यांतल्या बहुतेक मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच फळीवर, त्याच स्पीकरखाली ठेवून ऐकल्या आहेत. माझी नोकरी उद्यमबागेतल्या एका यंत्रशाळेत असल्यामुळे कॉम्प्रेसरच्या आणि प्रेसच्या पायाखाली घालायच्या रबराशी माझा रोजचा संबंध येतो. यंत्राखालचे रबर ज्या नियमाने निवडतात तोच नियम पाच किलोच्या स्पीकरलाही लागू पडतो, आणि या वस्तूंच्या जाहिरातींत तो नियम सहसा लिहिलेला नसतो. गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात ते बहुधा तिथेच, म्हणून हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे.

फळी हलते याची कारणे दोन आहेत. वूफरचा पडदा पुढे झेपावला की पेटी त्याच क्षणी मागे ढकलली जाते, आणि तो धक्का पेटीच्या बुडातून फळीत, फळीतून ब्रॅकेटमध्ये आणि ब्रॅकेटमधून भिंतीत उतरतो. दुसरे कारण हवेचे आहे. स्पीकरने निर्माण केलेला खालच्या पट्टीतला ध्वनिदाब फळीच्या रुंद पृष्ठभागावर आदळतो आणि तिला थेट हलवतो. स्पीकरखाली ठेवलेला कोणताही पाय फक्त पहिल्या कारणावर इलाज करतो, दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून खरेदी करण्यापूर्वी आपल्या घरात या दोहोंपैकी कोणते कारण जास्त आहे ते पाहावे, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. जोरकस डग्गा असलेले एखादे ध्वनिमुद्रण लावून फळीवर बोटांची टोके टेकवावीत. मग दुसऱ्या कोणाला तरी स्पीकर फळीपासून बोटभर वर उचलून धरायला सांगावे आणि त्याच आवाजात तोच तुकडा पुन्हा लावावा. बोटांना जाणवणारी थरथर एकदम कमी झाली तर पायांचा उपयोग होईल. ती जवळजवळ तशीच राहिली तर स्पीकरच्या पायाखाली काहीही ठेवले तरी फरक पडणार नाही, आणि मग फळीकडेच लक्ष द्यावे लागेल.

या चाचणीत आणखी एक गोष्ट उघड होते. फळीचा दोष समजून आपण ज्या घुमण्यावर चिडत असतो, ते पुष्कळदा भिंतीच्या जवळिकीमुळे आलेले असते. स्पीकर भिंतीला लागून ठेवला की खालच्या पट्टीतली ध्वनिऊर्जा मागे पसरण्याऐवजी पुढेच वळते, आणि खर्ज सहा डेसिबलपर्यंत वाढू शकतो. ज्या स्पीकरच्या पाठीला हवेचे भोक असते त्यांच्या बाबतीत ही अडचण अधिक बोचते, कारण दहा-अकरा इंच खोल फळीवर स्पीकर ठेवल्यावर मागे चार बोटेसुद्धा जागा उरत नाही. असे असेल तर आधी त्या भोकात फोमचा बोळा सैलसर बसवून ऐकावे, किंवा अँप्लिफायरवरचा बासचा खटका थोडा खाली आणावा. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि निम्म्या घरांत तरी त्यावरच भागेल असे माझे मत आहे.

आता पायांच्या निवडीचे गणित. रबर असो, फोम असो की स्प्रिंग, ती वस्तू आपल्या वजनाखाली किती मिलिमीटर दबते यावर सगळे अवलंबून असते. १५.८ या संख्येला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागले की त्या जोडीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर स्पीकर त्या पायांवर सेकंदाला आपोआप किती वेळा डुलतो ते, हर्ट्झमध्ये मिळते. एक मिलिमीटर दबल्यास ती सुमारे १६ हर्ट्झ येते, चार मिलिमीटर दबल्यास ८ हर्ट्झ, आणि जेमतेम दशांश मिलिमीटर दबल्यास ५० हर्ट्झ. या वारंवारतेच्या साधारण १.४ पट वर गेल्यावरच कंपन अडायला सुरुवात होते. त्याखाली अडणे तर सोडाच, अनुनादाच्या, म्हणजे सूर त्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळण्याच्या, आसपास ते उलट वाढते. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. म्हणजे ५० हर्ट्झवर बसलेला कडक रबरी पाय त्या खर्जाला मुळीच अडवत नाही, आणि त्याहून खालच्या सुरांना तर फळीपर्यंत जोर देऊनच पोचवतो. पाच इंची वूफर सहसा ५५-६० हर्ट्झच्या फारसा खाली उतरत नाही. तेव्हा पायांची नैसर्गिक वारंवारता २० हर्ट्झच्या आत आणली, तर ६० हर्ट्झच्या सुराचा सुमारे एक अष्टमांशच धक्का फळीपर्यंत पोचतो, आणि तेवढ्याने भिंत शांत होते. स्प्रिंगच्या बाबतीत हे गणित बरोबर जुळते. रबर व फोम मात्र हलत्या भाराखाली स्थिर भारापेक्षा अधिक कडक वागतात, म्हणून त्यांच्या बाबतीत कागदावर निघते त्याच्या दुप्पट दबणे धरावे. माझ्या अनुभवात पाच किलोच्या स्पीकरखाली दीड ते दोन मिलिमीटर दबणारा पाय समाधानकारक ठरतो. उद्यमबागेत काम करणाऱ्यांच्या घरी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे अंशही मोजणारे साधन, सापडतोच. पाय नुसता असताना आणि स्पीकर वर ठेवल्यावर अशी दोनदा उंची मोजली की जाहिरातीतल्या सगळ्या दाव्यांची परीक्षा होते.

मऊ पायांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्पीकर डळमळत्या आधारावर ठेवला तर पडद्याच्या हालचालीबरोबर पेटीही हलेल आणि आवाजातला नेटकेपणा जाईल, असे सांगितले जाते. हिशेब केला तर ही भीती उरत नाही. पाच इंची वूफरच्या हलत्या भागाचे वजन साधारण दहा ग्रॅम आणि पेटीचे पाच किलो, म्हणजे प्रमाण एकास पाचशे. पडदा तीन मिलिमीटर पुढे आला तेव्हा पूर्ण मोकळी असलेली पेटीसुद्धा सहा सहस्रांश मिलिमीटरच मागे जाईल. एवढ्याने कोणत्याही गायकाचा सूर बिघडत नाही. फळीचे गुणगुणणे थांबल्यामुळे मध्य सप्तकातले शब्द मात्र कानाला स्पष्ट लागतात, आणि हा फरक घरातल्या संगीत न ऐकणाऱ्या माणसालाही जाणवतो.

आता एकेका वस्तूविषयी. सर्वांत स्वस्त म्हणजे ईव्हीए फोम, जो मुलांच्या जोडायच्या रंगीत चटयांत असतो. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत तो कुठेही मिळेल. पूर्ण बुडाखाली एक सलग चौकोन कापून ठेवला तर पाच किलोचे वजन एवढ्या क्षेत्रफळावर पसरते की फोम जवळजवळ दबतच नाही, आणि उपयोग फक्त फळीवर ओरखडे न उठण्यापुरता उरतो. त्याच फोमचे इंचभर लांबी-रुंदीचे चार तुकडे करून चार कोपऱ्यांत ठेवले, की प्रत्येक तुकड्यावर भार वाढतो, तो दबतो आणि फळीची थरथर थोडी तरी कमी होते. पैसे घालण्याआधी कल्पना यावी म्हणून हा प्रयोग सर्वांनी करावा. कायमचा इलाज म्हणून मी तो सुचवणार नाही, कारण काही महिन्यांत हा फोम चपटा होऊन बसतो आणि परत उठत नाही.

वॉशिंग मशीनखाली घालायचे गोल रबरी पाय स्पीकरसाठी म्हणूनही विकले जातात. ती वस्तू वाईट नाही, पण ती बनवलेली असते साठ-सत्तर किलोच्या यंत्रासाठी. पाच किलोच्या स्पीकरखाली ती दगडासारखी निश्चल राहते. व्हर्नियरने मोजले तर फरक वाचताच येत नाही, आणि वरच्या गणिताप्रमाणे असा पाय खर्जाला वाट मोकळी करून देतो. कारखान्यातल्या कॉर्क-रबराच्या तुकड्यांचेही तेच. यंत्राच्या पायाखाली ते उत्तम काम देतात, कारण तिथे तेवढे वजन असते. या दोन्ही वस्तू मी काढून ठेवल्या.

टोकदार धातूच्या पायांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गालिच्यावर उभा केलेला मोठा स्पीकर डुलू नये, म्हणून टोक गालिच्यातून खालच्या जमिनीला भिडवायचे, हे त्यांचे खरे काम. ते कंपन अडवत नाहीत. पेटी आणि आधार यांना ते घट्ट बांधून ठेवतात, आणि भिंतीवरच्या फळीवर आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे असते. शिवाय फळीच्या सनमायक्याला भोके पडतात ती वेगळीच.

उतरत्या आकाराचे, मोकळ्या पेशींचे फोमचे पॅड हा या सगळ्यांत सर्वांत सोयीचा प्रकार आहे. ऑरालेक्स कंपनीचे मोपॅड हे त्यातले जुने आणि नावाजलेले उदाहरण आहे, आणि त्याच धर्तीचे स्वस्त पॅड आपल्याकडेही पुष्कळ मिळतात. पाच किलोखाली ते तीन-चार मिलिमीटर सहज दबतात, पाय नीट बसवण्याची कटकट नसते, आणि त्यांच्या उतारामुळे स्पीकरचे तोंड खाली झुकवता येते. ही शेवटची गोष्ट भिंतीवरच्या फळीसाठी फार मोलाची आहे. आमच्याकडची फळी बसलेल्या माणसाच्या कानांच्या बरीच वर असल्यामुळे ट्विटरचा, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या पडद्याचा, आवाज डोक्यावरून निघून जात असे. पॅड जाड बाजू मागे करून ठेवल्यावर झांज आणि टाळ यांचा खरा आवाज पहिल्यांदा खुर्चीपर्यंत आला. ज्यांना झुकवणे जमत नाही त्यांनी स्पीकर उलटा, म्हणजे ट्विटर खाली येईल असा ठेवून पाहावा. दिसायला विचित्र वाटले तरी कानाला बरे लागते.

या पॅडचा दोष टिकाऊपणात आहे. पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो. बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल धरते, कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते, तिथे या फोमची वेगळी गत होणार नाही. आमच्या पॅडच्या कडा बोटाने चोळल्या की काळी भुकटी हाताला लागते आणि दाबलेला कोपरा पूर्वीसारखा उसळून येत नाही. दोन-तीन वर्षांनी ते बदलावे लागतील हे धरून घ्यावेत. किंमत काही शेकड्यांत असल्यामुळे तेही परवडण्यासारखे आहे, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मी आजही हेच पॅड सुचवीन.

सॉर्बोथेन हा या परीक्षणाचा मुख्य विषय, कारण शेवटी आमच्या स्पीकरखाली तोच राहिला. डॉ. मॉरिस हाइल्स यांनी शोधलेल्या या पदार्थाला १९८२ साली अमेरिकन पेटंट मिळाले. बुटांच्या तळव्यांपासून नाजूक उपकरणांच्या आधारापर्यंत तो वापरला जातो. तो पॉलियुरेथेनच्याच कुळातला आहे. दाबल्यावर घट्ट जेलीसारखा हळूच सरकतो, सोडल्यावर सावकाश मूळ आकारावर येतो, आणि या सावकाशीतच त्याचा गुण आहे, कारण आत शिरलेली हालचाल तो उष्णतेत रूपांतरित करून जिरवतो. त्यामुळे स्प्रिंगप्रमाणे तो अनुनादाच्या वेळी उसळत नाही. बाजारात त्याचे अर्धगोल निरनिराळ्या व्यासांत आणि शोर डबल-झीरो या मऊ पदार्थांचा कडकपणा सांगणाऱ्या मापावर ३०, ५० आणि ७० अशा कडकपणांत येतात. खरेदी करताना बहुतेक लोक नेमक्या याच आकड्यांकडे दुर्लक्ष करतात. मोठा आणि कडक तेवढा भक्कम, असा विचार करून सत्तरचे जाड अर्धगोल घेतले, तर पाच किलोचा स्पीकर त्यांच्यावर नुसता टेकतो आणि पैसे पाण्यात जातात. स्पीकरचे वजन चारने भागावे, प्रत्येक पायावर आलेला भार विक्रेत्याने दिलेल्या भारमर्यादेच्या मध्याच्या वर पण कमाल मर्यादेच्या आत बसेल असा अर्धगोल निवडावा, आणि घरी आणल्यावर तो उंचीच्या दहा ते वीस टक्के दबतो की नाही ते मोजून घ्यावे. ज्या विक्रेत्याकडे भारमर्यादा लिहिलेलीच नाही त्याच्याकडून घेऊ नये. सॉर्बोथेनच्या नावाखाली साधे काळे रबरही विकले जाते. नखाने दाबून सोडल्यावर खूण लगेच नाहीशी झाली तर ते साधे रबर, आणि सावकाश भरून आली तर खरा माल, एवढी ओळख पुरेशी आहे.

बसवताना एक गोष्ट व्हर्नियरमुळेच लक्षात आली. चारही पाय पेटीच्या कोपऱ्यांत सारख्या अंतरावर लावले तरी पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त दबले होते. वूफरचे चुंबक जड असते आणि ते पेटीच्या पुढच्या निम्म्यात असते, म्हणून वजनाचा मध्य पुढे सरकतो. पुढचे पाय अगदी कडेला आणि मागचे पाय जरा आतल्या बाजूला, म्हणजे मध्याच्या जवळ सरकवले की चौघांवर भार सारखा येतो आणि दाबही जुळतो. स्पीकरच्या मागची तारही ताणलेली ठेवू नये. ताठ तार हा पाचवा पाय होतो आणि कंपन तिच्यातून भिंतीकडे जाते, म्हणून तिला एक सैल वळसा द्यावा.

परिणामाबद्दल सांगायचे तर फळीवर बोट टेकवल्यावर जिथे पूर्वी प्रत्येक ठेका मोजता यायचा, तिथे आता नेहमीच्या आवाजात काही लागत नाही. आमची आणि शेजारच्या काकूंची मधली भिंत चार इंची विटांची आहे. "गाणं ऐकायला काही नाही रे, पण आमच्या भिंतीवरची तसबीर थरथरते," अशी त्यांची तक्रार असे. तसबिरीची थरथर थांबली. गाणे त्यांना अजून ऐकू जाते, कारण हवेतून जाणारा आवाज कोणताही पाय अडवत नाही, आणि ही अपेक्षा ठेवून कोणी या वस्तू घेऊ नयेत. ऐकण्यातला फरक मला सर्वांत जास्त जाणवला तो तानपुऱ्यात. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रणांत तानपुरे किती काटेकोर लागलेले असतात हे आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. फळी गुणगुणत असताना त्या तानपुऱ्यांतून निघणारा गंधार खर्जाच्या जाड थराखाली दबून जायचा. आता तो वेगळा ऐकू येतो आणि गायकाने दोन ओळींमध्ये सोडलेली शांतता खरोखर शांत वाटते.

सॉर्बोथेनचा एक तोटा सांगितलाच पाहिजे. त्यातून तेलकट अंश हळूहळू झिरपतो आणि पॉलिश केलेल्या लाकडावर गोल डाग उमटतो, जो पुसून जात नाही. पायाखाली आणि पेटीच्या बुडाशी काचेचा वा पातळ पत्र्याचा तुकडा घालावा. कागद घातला तर तो तेल शोषून घेतो आणि डाग तसाच खाली उतरतो.

स्प्रिंगच्या पायांत, ज्यात आतल्या बारीक स्प्रिंगा वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येतात तो प्रकार घ्यावा. कंपन अडवण्यात तो सॉर्बोथेनच्या बरोबरीने, काही वेळा पुढेही जातो. परंतु पोलादी स्प्रिंग हालचाल जिरवत नाही. फळीला धक्का लागला की स्पीकर बराच वेळ डुलत राहतो, आणि ज्या घरात लहान मुले आहेत किंवा फळीखाली कोणी झोपते त्या घरात मी तो ठेवणार नाही. पाच किलोची पेटी सहा फुटांवरून पडणे ही चेष्टा नव्हे. कॅनडातील आयसोअकॉस्टिक्स कंपनीचे उंची आणि उतार बदलता येणारे छोटे स्टँड एका स्नेह्यांकडे ऐकले. ते पक्के बसतात, डुलत नाहीत आणि कामही चोख करतात. किंमत मात्र काही हजारांच्या घरात जाते, आणि तेवढ्या पैशात फळीच नवी होते.

फळीचा विचार मी शेवटी लिहीत असलो तरी खर्चाच्या क्रमात तो पहिला असावा. आमच्या फळीसाठी अनगोळच्या एका मेस्त्रींना बोलावले होते. त्यांनी फळीच्या टोकाला मुठीने ठोकले, ब्रॅकेटच्या मुळाशी बोट धरले आणि म्हणाले, "फळी नव्हे हो, ब्रॅकेट हलूलालाय." ते खरे होते. ज्याला इलेक्ट्रिशियन गिट्टी म्हणतात तो प्लास्टिकचा प्लग गिलाव्यातच अडकला होता, विटेपर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी लांब स्क्रू आणि मोठे प्लग विटेत बसवले, आणि ब्रॅकेट फळीच्या दोन टोकांना असण्याऐवजी बरोबर दोन स्पीकरच्या खाली आणले. त्या एका दुपारच्या कामाने जेवढी थरथर गेली तेवढी कोणत्याही पायाने एकट्याने घालवली नसती.

फळीच्या जाडीचे महत्त्वही लोकांना पटत नाही. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अठरा मिलिमीटरच्या दोन प्लाय पूर्ण पृष्ठभागावर सरस लावून एकजीव केल्या, तर फळी दुप्पट नव्हे, आठपट ताठ होते. नुसत्या एकावर एक ठेवल्या तर दुप्पटच. आतून पोकळ असलेल्या, ब्रॅकेट न दिसणाऱ्या तयार फळ्या दिसायला सुबक असतात, पण स्पीकरसाठी त्या घेऊ नयेत. त्यांची पातळ कातडी डग्ग्याच्या पुडीसारखी वाजते. आपल्याकडच्या जुन्या घरांत भिंतीतच बसवलेल्या कडप्प्याच्या फळ्या असतात. त्या जड आणि ताठ असल्यामुळे फारच चांगल्या, मात्र त्या कोनाड्यात असतील तर स्पीकर अगदी पुढच्या कडेला आणावा, नाहीतर कोनाड्याची पोकळीच घुमते. खानापुरातल्या आमच्या मामांच्या घरी असा कोनाडा आहे, आणि तिथे स्पीकर चार बोटे पुढे ओढण्याने झाला तेवढा फरक पायांनी झाला नाही.

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या पुष्कळ घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. त्यांच्याबाबत सावध राहावे. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. हॅमर लावून ड्रिल मारले की भोक मोठे होते आणि साधा प्लग त्यात फिरत राहतो. हॅमर बंद करून सावकाश भोक पाडावे, भुकटी फुंकून काढावी आणि राळ भरून बसवायचा रासायनिक अँकर वापरावा. काही लोक फळीचे वजन वाढवण्यासाठी स्पीकरखाली ग्रॅनाइटचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायला सांगतात. सॉर्बोथेनच्या वर असा तुकडा आणि त्यावर स्पीकर अशी रचना तत्त्वतः योग्य आहे, कारण पायांवरचे वजन वाढून त्यांची वारंवारता खाली येते. पण तीस बाय वीस सेंटिमीटरचा, दोन सेंटिमीटर जाड ग्रॅनाइट तीन किलोच्या वर भरतो. दोन स्पीकर आणि दोन तुकडे मिळून सोळा किलो होतात, आणि चिऱ्याच्या भिंतीवर एवढा भार टाकण्यापूर्वी मेस्त्रींना विचारलेले बरे.

ज्यांच्याकडे जमिनीवर जागा आहे त्यांनी या भानगडीत न पडता कानाच्या उंचीला येणारे जड स्टँड घ्यावेत. ज्यांना खालचा खर्ज भरपूर हवा असतो त्यांनी जमिनीवर छोटा सबवूफर ठेवून ८० हर्ट्झखालचे काम त्याच्याकडे सोपवावे, म्हणजे फळीवरच्या स्पीकरना ते उचलावेच लागत नाही. भिंतीवरची फळी हाच एक मार्ग असलेल्यांसाठी माझा क्रम असा आहे: आधी ब्रॅकेट आणि जाडी, मग भिंतीपासूनचे अंतर व भोकातला बोळा, आणि त्यानंतर वजनाला जुळणारे सॉर्बोथेनचे अर्धगोल. अर्धगोल घेताना दर स्पीकरमागे चारऐवजी पाच-सहा एकदम मागवावेत, कारण एखादा फाटला तर त्याच कडकपणाचा सुटा पाय सहसा मिळत नाही आणि वेगवेगळ्या कडकपणाच्या पायांवर स्पीकर तिरका बसतो. दर पावसाळ्यानंतर स्पीकर उचलून चारही पायांची उंची एकदा मोजावी. उंचीच्या निम्म्याहून अधिक दबून राहिलेला पाय बदलावा.